सुट्टीतला इतिहास

१९९४ च्या जुलैमध्ये बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी सायकलच्या कॅरिअरला एक रुमाल बांधून कॉलेजात घेऊन आला. रुमाल म्हणजे जुनी कागदपत्रे बांधून ठेवायचे कापडी गाठोडे. घराच्या माळवदाची माती काढताना तुळईच्या खोबणीत ते सापडले होते. "सर, आजोबा म्हणतात मोडी आहे. तुम्ही वाचाल?" मी मोडीचा उन्हाळी वर्ग केला होता आणि ते वर्गात दोनदा सांगूनही झाले होते. "दिवाळीच्या सुट्टीत वाचतो," मी म्हणालो आणि रुमाल विभागातल्या लाकडी कपाटात ठेवला.

ती दिवाळी विद्यापीठाचे पेपर तपासण्यात गेली. पुढच्या दिवाळीत घर बांधायला काढले होते. त्यानंतर मुलीची दहावी, मग राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, मग मूल्यांकन समितीच्या फायली. आठव्या वर्षी कपाट हलवले, तेव्हा मागच्या फळीतून वाळवी थेट रुमालात शिरलेली होती. साठ-सत्तर कागदांपैकी वाचण्यासारखे अकरा उरले. दोष कॉलेजचा नव्हता, कपाटाचाही नव्हता. सुट्ट्या मला मिळाल्या होत्या.

तेव्हापासून सर जदुनाथ सरकार हा माणूस मी वेगळ्या नजरेने वाचतो आहे. मराठी वाचकाला ते नाव बहुधा वादातून ठाऊक असते. शिवाजी महाराजांवर इंग्रजीत पुस्तक लिहिणारे, पुण्याच्या अभ्यासकांशी न पटलेले, औरंगजेबाचे पाच खंड लिहिणारे बंगाली इतिहासकार. 'सर' ही पदवी आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरुपद यांमुळे ते मोठ्या संस्थेतले मोठे गृहस्थ वाटतात. मात्र त्यांच्या नोकरीचा कागद समोर ठेवला की दुसरेच चित्र दिसते. कुलगुरुपद त्यांना मिळाले १९२६ मध्ये, कॉलेजातून निवृत्त झाल्यावर. 'सर' झाले ते १९२९ मध्ये. ज्या कामामुळे ते ओळखले जातात त्याचा मोठा भाग त्याआधीच झालेला होता. तो प्रांतातल्या कॉलेजात रोज तास घेणाऱ्या, बदल्या सोसणाऱ्या, पेपर तपासणाऱ्या एका मास्तरने केला होता.

*

जदुनाथांचा जन्म १० डिसेंबर १८७० चा, राजशाही जिल्ह्यातल्या करचमारिया गावचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील राजकुमार सरकार जमीनदार होते आणि पुस्तकांचे शौकीन होते. मुलगा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकला आणि १८९२ मध्ये एम.ए. झाला. विषय इंग्रजी वाङ्मय. इतिहासात त्यांनी एम.ए. कधीच केले नाही. १८९३ पासून रिपन कॉलेज, मग विद्यासागरांचे मेट्रोपॉलिटन कॉलेज या खासगी कॉलेजांत ते इंग्रजी शिकवत होते. १८९७ मध्ये प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईच्या कापूसव्यापाऱ्याच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात चालणारी ही शिष्यवृत्ती त्या काळी बंगालमधल्या हुशारीची शेवटची कसोटी समजली जाई. तिच्यासाठी केलेल्या अभ्यासातून १९०१ मध्ये पहिले पुस्तक आले. औरंगजेबाच्या काळातला हिंदुस्थान, त्याचे सुभे, महसुलाचे आकडे आणि रस्ते हा त्याचा विषय. राजाच्या चरित्राआधी त्यांनी राज्याचे रस्ते मोजले, ही गोष्ट त्यांच्यावरच्या टीकेत सहसा येत नाही.

१८९८ मध्ये ते सरकारी शिक्षणखात्यात आले आणि १८९९ मध्ये त्यांची पाटणा कॉलेजात बदली झाली. बिहार तेव्हा बंगाल इलाख्याचाच भाग होता. पाटण्याला स्वतःचे विद्यापीठही नव्हते, ते १९१७ मध्ये झाले. कलकत्त्याच्या विद्वानाला ही बदली म्हणजे आपल्याकडे पुण्याहून आडबाजूच्या तालुक्याला पाठवल्यासारखीच. मधला थोडा काळ सोडला तर ते १९१७ पर्यंत तिथेच राहिले. पुढे दोन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठ, १९१९ ते १९२३ कटकचे रेव्हेन्शॉ कॉलेज, पुन्हा पाटणा, मग निवृत्ती. यातली वीस वर्षे ते प्रांतिक सेवेत होते. त्या खात्यात वरची श्रेणी होती ती इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस. तिच्यात मुख्यत्वे विलायतेहून आलेले प्राध्यापक असत. त्यांचा पगार मोठा, मान मोठा. जदुनाथांना त्या श्रेणीत घेतले १९१८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. तोवर औरंगजेबाचे तीन खंड छापून झाले होते.

आता खंडांची साले बघा. पहिले दोन १९१२, तिसरा १९१६, चौथा १९१९, पाचवा १९२४. शिवाजी महाराजांवरचे पुस्तक १९१९. मुघलांच्या राज्यकारभारावरचे १९२०. शिवाय 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात सतत लेख. निवृत्तीनंतरचे मोठे काम म्हणजे मुघल साम्राज्याच्या पतनाचे चार खंड. औरंगजेब मात्र पुरताच नोकरीत लिहिला गेला. माझ्या नोकरीच्या वर्षांशेजारी ही साले लिहून पाहायचा मोह मी एकदाच केला.

*

हे जमले कसे? थोर माणसाच्या चिकाटीवर बोट ठेवून हा प्रश्न मिटवता येतो. पण चिकाटी कामाला लागते तेव्हा तिला जागा, वेळ, पैसा आणि माणसे लागतात. जदुनाथांना ती कुठून मिळाली, ते बघण्यासारखे आहे.

जागा त्यांना बदलीने दिली. पाटण्याच्या बांकीपुर भागात, कॉलेजच्या जवळच, गंगेच्या काठी खुदाबख्श ग्रंथालय आहे. खुदाबख्श हे तिथले नामांकित वकील. वडिलांनी मरताना सोपवलेली हस्तलिखिते त्यांनी कमाई ओतून वाढवली आणि १८९१ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुले केले. सुरुवातीलाच तिथे अरबी-फारसीची सुमारे चार हजार हस्तलिखिते होती. ज्याला इतरांनी आडगाव म्हटले असते, तिथे फारसी साधनांची देशातली एक श्रीमंत खाण कॉलेजच्या वाटेवर उघडी होती. १९०८ मध्ये खुदाबख्श गेले, तेव्हा जदुनाथांनी त्यांच्यावर लिहिले. ते ऋण त्यांना माहीत होते.

पैसा पगारातला आणि घरचा. लंडन, पॅरिस, बर्लिन इथल्या हस्तलिखितांच्या नकला आणि छायाचित्रे ते स्वतःच्या खर्चाने मागवत. औरंगजेबाच्या दरबाराची 'अखबारात' म्हणजे रोजची बातमीपत्रे. कर्नल टॉडने राजस्थानातून नेलेली ती चळत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत पडून होती. जदुनाथांनी तिच्या नकला करवून घेतल्या. बादशहा आज कुठल्या मुक्कामी, कोणाला मनसब, कुठून काय खबर, अशा कोरड्या ओळी. अशा हजारो ओळी तारखेने लावल्या तेव्हा कुठे औरंगजेबाची दक्षिणेतली शेवटची पंचवीस वर्षे छावणी-छावणीने उभी राहिली.

वेळ सुट्टीचा. सत्रात तास, नोट्स, वाचन. पूजेच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रवास. ज्या वाटेने फौज गेली ती वाट पाहायची, किल्ला पाहायचा, नदीचा उतार कुठे ते विचारायचे. सुट्टी हा त्यांच्या कामाचा उरलेला तुकडा नव्हता, तिच्याभोवती वर्ष आखलेले असे. माझ्याही वाट्याला तितक्याच दिवाळ्या आणि तितकेच मे महिने आले होते.

आणि माणसे. इथे महाराष्ट्र येतो. १९०४ मध्ये बडोद्याहून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सरदेसाई प्राध्यापकही नव्हते. सयाजीराव महाराजांच्या पदरी राजपुत्रांना शिकवण्याच्या आणि इतर कामाच्या नोकरीत राहून ते रियासत लिहीत होते. एकाला मराठी साधनांची वाट हवी होती, दुसऱ्याला फारसी साधनांची. जदुनाथ मराठी शिकले, सरदेसायांना फारसी कागदांतला मजकूर पुरवत राहिले, आणि ही देवघेव जदुनाथांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक चालली. सरदेसाई निवृत्तीनंतर कामशेतला राहिले आणि जदुनाथ तिथे येऊन राहत. लोणावळ्याच्या लोकलमधून कामशेत स्टेशन दिसले की मला दोन म्हातारे एका टेबलावर नकाशा पसरून बसलेले दिसतात. पुण्यात पेशवे दप्तराची निवड झाली. १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी तिचे ४५ भाग काढले. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची मालिका दोघांनी मिळून हाती घेतली. माळव्यातल्या सीतामऊचे राजपुत्र रघुबीरसिंह पुढे या मैत्रीत तिसरे झाले. त्यांच्यामागे विद्यापीठ नव्हते, टपालखाते होते.

*

या पद्धतीचे फळ काय, याचे एकच उदाहरण देतो. १६६५ ची पुरंदरची मोहीम आपल्याला पाठ असते. मिर्झाराजे जयसिंग आले, मुरारबाजी पडले, तह झाला, तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. बखरीत हे चार पानांत होते. जदुनाथांनी हात घातला तो जयसिंगाच्या पत्रांना. त्याचा मुन्शी उदयराज याने लिहिलेली ही पत्रे 'हफ्त अंजुमन' या संग्रहात आहेत. त्यांत जयसिंग बादशहाला सांगतो की लढाईचा आणि कारभाराचा सारा अधिकार एकाच हाती हवा. आदिलशाही सरदार, जंजिऱ्याचे सिद्दी, किनाऱ्यावरचे फिरंगी, कोकणातले छोटे राजे, ज्याचे ज्याचे शिवाजीशी वाकडे असेल त्या प्रत्येकाकडे त्याने माणूस पाठवला. मार्चमध्ये पुण्यात पोचलेला जयसिंग सासवडला तळ देतो, कारण तिथून पुरंदरही धाकात राहतो आणि पुणेही. १४ एप्रिलला वज्रगड पडतो, आणि मग पुरंदरचा प्रश्न केवळ दिवसांचा उरतो.

ही पत्रे शत्रूची आहेत, म्हणूनच ती मोलाची. एवढ्या मोठ्या सेनापतीला एका माणसाविरुद्ध एवढी जुळवाजुळव करावी लागली, हे वाचल्यावर त्या माणसाचे मोठेपण निराळे सांगावे लागत नाही. तहातले पाच लक्ष होनांचे गणितही, चार लक्षांचे किल्ले गेले आणि एक लक्षाचे राहिले, अशा कोरड्या कागदामुळेच आपल्यापुढे आहे.

तरीही १९१९ च्या पुस्तकावर महाराष्ट्रात टीका झाली आणि तिच्यात तथ्य होते. फारसी आणि इंग्रजी कागदांवर जदुनाथांचा विश्वास अधिक, बखरींवर कमी. सभासदाला ते मानत, उत्तरकालीन बखरींना जवळजवळ नाही. महाराजांच्या काळातले मराठी राजकीय कागद फारच थोडे उरले आहेत, हा त्यांचा मुद्दा. गावोगावची वतनपत्रे, महजर, निवाडे यांतून स्वराज्य आतून दिसते, हा इथल्या अभ्यासकांचा मुद्दा. दोन्ही बाजूंना आपापल्या साधनांचा अभिमान होता आणि तोंडे तिखट होती. सरदेसायांकडे दप्तराचे काम गेले, तेव्हा ही कटुता वाढली. जदुनाथांनी मात्र पुस्तक मिटवून ठेवले नाही. जेधे शकावलीसारखी साधने पुढे आली तशी ती त्यांनी जमेस धरली आणि हयातीत त्या पुस्तकाच्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा सुधारल्या.

पुढच्या पिढीने आणखी मोठे प्रश्न विचारले. साम्राज्य का मोडले, याचे उत्तर जदुनाथ बादशहाच्या स्वभावात आणि धर्मधोरणात शोधतात. शेतकरी, जमीनमहसूल, जहागिरीची टंचाई यांचे काय, असे अलीगढच्या इतिहासकारांनी विचारले. इरफान हबीब यांचा मुघल शेतीव्यवस्थेवरचा ग्रंथ १९६३ चा, जदुनाथ गेल्यानंतरचा. ही टीका मला पटते. पण टीकाकारालाही तारीख पाहायची झाली की जदुनाथांचे पान उलगडावे लागते, हेही मी पाहिले आहे. अनुमाने जुनी होतात. नीट लावलेली तारीख पुष्कळ टिकते.

*

आमच्या पिढीच्या इतिहास-शिक्षकांपुढे आदर्श होता तो विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचा. नोकरीत न रमलेला, संसार न उरलेला, गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरणारा, साधनांचे बावीस खंड काढणारा माणूस. त्या आदर्शाची एक सोय होती, जी फार उशिरा माझ्या लक्षात आली. राजवाडे होणे आपल्याला शक्य नाही हे उघड असते, मग काहीच न होण्याला मोकळीक मिळते. आम्ही गुरुपौर्णिमेला त्यांच्यावर भाषणे केली आणि कपाटांना कुलपे लावली.

जदुनाथ ही मोकळीक देत नाहीत, म्हणून ते मला अवघड जातात. ते पगारदार होते. त्यांना बायकामुले होती, बदल्या होत्या, वरिष्ठ होते, कंटाळवाणे पेपर होते. शिकवायला नेमलेला विषयही पुष्कळदा दुसराच.

अर्थात माझा आणि त्यांचा हिशेब एका पट्टीवर मांडणे खोटे ठरेल. ते जमीनदाराचे चिरंजीव, नकला मागवायला ऐपत होती. घर कादंबिनीदेवी सांभाळत होत्या आणि त्यांच्या त्या वर्षांचा कुठे ग्रंथ झालेला नाही. वर्गात येणारी मुले निवडक होती. आमच्याकडे पहिल्या पिढीची मुले येत, आणि त्यांना निबंध लिहायला शिकवणे हेही इतिहासाचेच काम होते. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. आज तर कॉलेजातला इतिहासाचा शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावर असतो. सुट्टीत त्याला पगारच नसतो, मग तो सुट्टी कुठून आणणार? कायम असेल त्याला आठवड्याचे सोळा तास, सत्राच्या दोन परीक्षा आणि २०१० पासून बढतीच्या गुणांचे तक्ते. शोधनिबंध छापला की गुण. एखाद्या घरचे सत्तर कागद उलगडून, वाचून, परत नेऊन दिले, तर त्याला रकाना नाही. ही व्यवस्था बदलायला हवी, हे मी सभांतून बोललो आहे.

पण १९९४ मध्ये मी कायम होतो. माझ्या दिवाळीला पगार होता. हा भाग मी सभांतून बोललो नाही.

*

जदुनाथ १९ मे १९५८ रोजी कलकत्त्यात वारले. त्यांचा ग्रंथसंग्रह तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. बऱ्हाणपूरचा भीमसेन हा मुघल फौजेबरोबर दक्षिणभर फिरलेला कायस्थ. त्याच्या फारसी आठवणींचा जदुनाथांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९७२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याने छापला. ज्या प्रांताने त्यांच्याशी सर्वांत कडाक्याचे वाद घातले, त्यानेच त्यांचे मागे राहिलेले काम उजेडात आणले.

माझे अकरा कागद मी निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीत वाचले. नऊ कागद किरकोळ हिशेबाचे. एक अर्धवट पत्र. अकरावा एक कतबा आहे, म्हणजे लिहून दिलेला करार. दोन भावांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या आहेत. थोरल्याने दिवसाचे पाणी घ्यावे, धाकट्याने रात्रीचे, आणि धाकट्याच्या मोटेला थोरल्याने एक बैल द्यावा. मजकूर स्वच्छ आहे. वाळवीने खाल्ला आहे तो वरचा कोपरा, जिथे शक होता. 'रक्ताक्षी नाम संवत्सरे' एवढे उरले आहे, मागचा आकडा नाही.

संवत्सरे साठ वर्षांनी फिरून येतात. रक्ताक्षी शके १६६६ मध्ये होते आणि शके १७२६ मध्येही. पहिले धरले तर साल १७४४, शाहू महाराजांच्या अखेरच्या वर्षांतले. दुसरे धरले तर १८०४, दुसऱ्या बाजीरावाचा काळ. होळकरांच्या फौजांनी मुलूख तुडवल्यानंतरचा आणि १८०३-०४ च्या दुष्काळातून गाव जेमतेम उठत असतानाचा. पहिल्या सालात ही दोन भावांची साधी वाटणी ठरते. दुसऱ्या सालात धाकट्याला दिलेला तो एक बैल फार मोठी गोष्ट होते, कारण त्या दुष्काळानंतर गावात बैल किती उरले असतील? अक्षराच्या वळणावरून मी उत्तरेकडचे, म्हणजे १८०४ कडचे मत देईन, पण गावच्या कुळकर्ण्याचे वळण बापाकडून मुलाकडे जाते. शपथेवर सांगता येणार नाही. उरलेल्या कागदांपैकी एखाद्यात त्याच भावांची नावे शकासह असती, तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. ते कागद आठ दिवाळ्या माझ्याकडे होते.

लिप्यंतराची एक प्रत आणि मूळ कागद आम्लरहित कागदात गुंडाळून मी त्या विद्यार्थ्याच्या घरी नेऊन दिले. तो आता पन्नाशीचा आहे, शेती करतो. काय घडले ते मी त्याला सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि मला विहीर दाखवायला घेऊन गेला. मोट केव्हाच गेली, वर वीजपंप आहे. "पाळी अजून आहे, सर," तो म्हणाला. "दिवसा चुलत्यांची, रात्री आमची. का ते कोणाला ठाऊक नव्हतं."